डावीकडचा रकाना

मंडळाच्या स्मरणिकेसाठी सरांवर दोन पानं लिहून द्या, असा ईमेल मला गेल्या महिन्यात आला. सर ऑक्टोबरात गेले. ईमेलच्या शेवटी लिहिलं होतं, 'हलकंफुलकं असू दे. बुटांचा किस्सा घातलात तरी चालेल, आता काय, चार वर्षं झाली. शिवाय चोर तुम्हीच पकडला होता!' आणि पुढे एक हसरा पिवळा चेहरा. त्या चेहऱ्याकडे मी बराच वेळ बघत बसले. हलकंफुलकं जमेल की नाही ठाऊक नाही, पण बुटांचा किस्सा मात्र घालते.

सर विक्षिप्त होते हे शिकागोजवळच्या नेपरव्हिलमधल्या मराठी घरांत सगळ्यांना माहीत होतं, आणि खोटं कशाला बोला, ते होतेच. त्यांच्या खिशात कायम एक छोटी वही असे. तिच्या प्रत्येक पानावर मधोमध उभी रेघ. डावीकडच्या रकान्यावर लिहिलेलं असे 'पाहिलं' आणि उजवीकडच्या रकान्यावर 'वाटलं'. कुणी म्हणालं, "सर, आज अमुक काकू नाराज दिसल्या," की सर विचारणार, "नाराज कशी दिसते? मला तर तिने दोनदा घड्याळ पाहिलेलं दिसलं." जेवायला बोलावलं आणि यजमानीणबाईंनी कौतुकाने विचारलं, "आमटी आवडली का सर?" तर उत्तर यायचं, "तीनदा घेतली." आवडली म्हणायला जीभ झडत होती का या माणसाची, असं बायका मागून म्हणत. मीही म्हटलेलं आहे.

सर मूळचे नागपूरचे. चाळीस वर्षं अमेरिकेत काढूनही ते "काय करून राहिली?" असंच विचारत. मी पुण्याहून इथल्या विद्यापीठात गुन्हेगारी मानसशास्त्र शिकायला आले तेव्हा ते मला प्रोफाइलिंगचा विषय शिकवायला होते. प्रोफाइलिंग म्हणजे गुन्ह्याच्या जागेवरच्या खुणांवरून गुन्हेगार कसा असेल याचा अंदाज बांधणं. टीव्हीवर हे काम फार झकास दिसतं. एक देखणी बाई जळकी काडी उचलते आणि सांगते, हा माणूस डावखुरा आहे आणि त्याचं आईशी पटत नाही. वर्गातल्या निम्म्या पोरी तसलं काहीतरी व्हायला आल्या होत्या, आणि त्या निम्म्यांत मी पहिल्या बाकावर होते.

पहिल्याच तासाला सरांनी पडद्यावर एका घराचे फोटो दाखवले. ओट्यावर आठवड्याची खरकटी भांडी, जमिनीवर फुटलेला कप, खुर्चीवर कपड्यांचा ढीग, पडदे दुपारी बंद. "इथे कोण राहतं, सांगा," म्हणाले. आम्ही तुटून पडलो. तरुण, बेकार, रागीट, नशा करणारा. मी तर हात वर करून सांगितलं की कप भिंतीवर फेकून फोडलेला आहे, म्हणजे हा माणूस बाईमाणसावर हात उचलणारा असणार. सरांनी सगळं फळ्यावर उजवीकडे लिहून घेतलं. मग शांतपणे म्हणाले, "हे माझं घर. त्या मंगळवारी माझी बायको गेली. कप हातातून सुटला." मला तेव्हा तोंड कुठे लपवू असं झालं. तास संपल्यावर माफी मागायला गेले तर म्हणाले, "माफी कशाची? डावीकडे काय लिहिलं असतं ते सांग." मी म्हटलं, "कप फुटलाय." "बरोबर. तिथेच थांबायचं. तिथे थांबायला फार ताकद लागते, पोरी."

अंदाज बांधायच्या वाटा त्यांनी आम्हाला तीन शिकवल्या. एक वाट म्हणजे जागेवरच्या खुणा पाहून गुन्हेगाराला एखाद्या ठरावीक नमुन्यात बसवायचं, नीटनेटका की गबाळा, ठरवून करणारा की झटक्यात करणारा. दुसरी, जुनी शेकडो प्रकरणं घेऊन कशाबरोबर काय येतं ते मोजायचं. तिसरी, घटना जिथे जिथे घडल्या त्या जागा नकाशावर मांडायच्या आणि माणूस कुठून येत असेल ते बघायचं. "पहिली वाट गोष्ट सांगते, दुसरी मोजते, तिसरी चालते," सर म्हणायचे. "गोष्ट सर्वांत गोड लागते, म्हणून ती सर्वांत शेवटी ऐकायची." तरुणपणी त्यांनी पोलिसांसाठी असे अंदाज लिहून दिले होते आणि मग ते काम एकाएकी सोडलं होतं. का सोडलं विचारलं तर एवढंच म्हणाले, "एका गावात माझं वाटणं लोकांनी पाहिलेलं धरलं." त्यापुढे कधीच काही बोलले नाहीत.

बुटांचं वेड त्यांचं जुनंच. आपल्या मंडळाचे कार्यक्रम भाड्याने घेतलेल्या शाळेत होतात. बर्फाचे दिवस, त्यामुळे दाराशी बुटांचा ढीग पडतो. सर सर्वांच्या आधी यायचे आणि कॉरिडॉरमध्ये त्या बुटांपाशी वही घेऊन उभे राहायचे. एक जोडी निवडायची, मालक कोण असेल ते उजवीकडे लिहायचं आणि घरी जाताना तो बूट कोण घालतं ते पाहायचं. "आजवर दोनशे वेळा तरी चुकलो असेन," ते आनंदाने सांगत. बायको गेल्यावर इथे त्यांना दुसरं कुणी नव्हतं. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा आपल्या माणसांत बसून जेवायला मिळायचं ते तेवढंच.

त्या वर्षी दिवाळीच्या कार्यक्रमात चार बायकांचे बूट हरवले. प्रत्येकीचा एकेकच. सगळे अर्ध्या तासात सापडले, कुठे जिन्याखाली, कुठे कुंडीमागे, कुठे पडद्याआड. लोक हसले. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला पुन्हा तेच झालं, तेव्हा हसणं थांबलं. उणे दहात एका पायात मोजा घालून उभं राहिलं की विनोदबुद्धी टिकत नाही. "इट्स क्रीपी यार," एक मैत्रीण म्हणाली. "फक्त लेडीजचेच का?" अध्यक्ष काकूंनी आधी सरांना विचारलं. सर म्हणाले, "बूट हरवले, बूट सापडले. यात गुन्हा कुठे आहे?" काकूंना ते लागलं. मग त्यांनी मला फोन केला.

"अगं, तू एक्स्पर्ट आहेस ना यातली? एक प्रोफाइल करून दे ना आम्हाला."

मी तेव्हा एका सरकारी कचेरीत दुसऱ्यांचे अहवाल नीट टाइप करून पुढे पाठवत होते. माझं मत काय, असं तिथे मला कुणी विचारलं नव्हतं. इथे अख्खं मंडळ विचारत होतं. मी हरभऱ्याच्या झाडावर चढले. शनिवार-रविवार बसून दोन पानं लिहिली, वर मथळे, खाली मुद्दे. पुरुष. साठीच्या पुढचा. उच्चशिक्षित. एकटा राहणारा. स्त्रियांबद्दल मनात कुठेतरी राग. कार्यक्रमाला येतो पण मिसळत नाही, कडेला उभा राहून बघतो. सरांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं का? देवाशपथ नाही. पण एकटा, हुशार, विचित्र माणूस म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर दुसरं कोण येणार होतं? बूट कुठून गेले आणि कुठे सापडले, याचा साधा नकाशासुद्धा मी काढला नाही. गोष्ट इतकी गोड जमली होती की चालायचा कंटाळा आला.

फेब्रुवारीत नाटक होतं. मध्यंतरात एका काकूंना सर कॉरिडॉरमध्ये दिसले, हातात बायकांचा एकच मरून बूट. पाच मिनिटांत कमिटी पहिलीच्या वर्गात जमली. पहिलीच्या मुलांच्या त्या एवढ्याशा खुर्च्यांवर आम्ही सगळे गुडघे छातीशी घेऊन बसलो होतो आणि सर फळ्यापाशी उभे होते.

"सर, हा बूट तुमच्या हातात कसा?" अध्यक्ष काकूंनी विचारलं.

"परत ठेवायला नेत होतो."

"कुठून आणलात?"

"जिन्याखालून."

"तिथे कुणी ठेवला?"

सरांनी बूट या हातातून त्या हातात घेतला.

"तुम्ही कुणाला पाहिलंत का?"

"पाहिलं."

"मग नाव सांगा ना!"

"नाही सांगत," सर म्हणाले. "नाव सांगितलं की तुम्ही विचाराल, का केलं. ते मला माहीत नाही, फक्त वाटतं."

कुणीतरी फिसकन हसलं. अध्यक्ष काकू माझ्याकडे वळल्या. त्यांच्या हातात माझीच दोन पानं होती. "तू सांग. दिस मॅचेस, राइट? जुळतंय ना सगळं?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना मी ओळखत होते. त्यांच्या घरचा फुटलेला कप मी पाहिला होता आणि त्यावर काय बोलले होते तेही मला आठवत होतं. एवढं असूनही मी म्हटलं, "जुळतंय."

सरांनी खिशातून वही काढली, काहीतरी लिहिलं, बूट छोट्या टेबलावर ठेवला आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी कमिटीने त्यांना ईमेल पाठवला, काही काळ कार्यक्रमांना येऊ नये ही नम्र विनंती. त्या ईमेलचं इंग्रजी मी तपासून दिलं होतं.

आता माझ्या आईबद्दल सांगायला हवं. बाबा गेल्यावर ती साताऱ्याहून आमच्याकडे आली होती. नवरा सकाळच्या ट्रेनने शिकागोला, मी गाडीने कचेरीत, लेक शाळेत. आईला गाडी येत नाही, आणि बर्फात चालत जाणार तरी कुठे? दिवसभर ती खिडकीशी बसे आणि संध्याकाळी सांगे, "आज दोन गाड्या गेल्या, आणि एक कुत्रं." मी लॅपटॉपवरून मान वर न करता "हो का" म्हणायची. लेक म्हणायची, "आजी, आय हॅव होमवर्क."

गुढीपाडव्याच्या कार्यक्रमाला सर नव्हते. मला एका ऑनलाइन मीटिंगसाठी लवकर निघायचं होतं. बाहेर आले तर माझाच एक बूट नाही. कॉरिडॉरच्या टोकाला, आज्या बसतात त्या खुर्च्यांपाशी, आई वाकून काहीतरी करत होती. शालीखालून माझा काळा बूट निघाला आणि खुर्चीमागे गेला. मी तो पाहिला, माझ्या डोळ्यांनी.

तेवढ्यात दोघी-तिघी बाहेर आल्या. "काय गं, तुझाही बूट गेला? म्हणजे सर नव्हतेच की काय?"

बोलायची वेळ तीच होती. त्या वेळी मी बोलले ते असं: "नाही नाही, मीच वेंधळी. गाडीतच राहिला वाटतं." आणि एका पायात बूट, एका पायात मोजा अशी मी बर्फातून गाडीपर्यंत गेले, म्हणजे खोटं पुरतं वठावं. आईने मागून शालीत गुंडाळून तो बूट आणून दिला.

गाडीत मी तिच्यावर ओरडले. लोक काय म्हणतील, माझी नोकरी काय आहे, सगळं. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "अगं, लग्नात आम्ही नवऱ्यामुलाचे जोडे लपवायचो की नाही? मी तर त्यात पटाईत. तुमच्याकडे जेवण झालं की सगळे डबे भरतात आणि चला चला, उद्या वर्क आहे. बूट हरवला की अर्धा तास तरी माणसं थांबतात. खाली बसतात, शोधतात, हसतात, एकमेकींना विचारतात. दिवाळीला तर पुन्हा चहा टाकला होता." पुढे म्हणाली, "ते वहीवाले गृहस्थ मात्र माझ्या मागोमाग येऊन एखाददुसरा परत ठेवायचे. खेळ मोडायचे माझा. आज का नव्हते आले?"

चार माणसांच्या घरात राहणारी बाई एकटी असू शकते, हे माझ्या दोन पानांत कुठेच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी सरांकडे गेले. त्यांनी दार उघडलं, चहा टाकला. मी सगळं सांगितलं आणि रडले. ते म्हणाले, "सगळे बूट आज्यांच्या खुर्च्यांपासून वीस पावलांत सापडले. सगळे कमरेच्या खाली लपवलेले. बाहेर एकही गेला नाही. नकाशा काढला असता तर पाच मिनिटांत आईपाशी पोचली असतीस."

"तुम्ही नाव का नाही सांगितलंत सर?"

"तिला बूट लपवताना मी पाहिलं. का लपवते ते मला वाटलं, आणि मला वाटलं ते असं होतं, की या खोलीत माझ्याइतकंच एकटं आणखी कुणीतरी आहे. ते कमिटीपुढे सांगायचं कसं?"

मी विचारलं, "त्या दिवशी पहिलीच्या वर्गात वहीत काय लिहिलंत?" त्यांनी वही काढून ते पान माझ्यापुढे धरलं. डावीकडे लिहिलं होतं, 'ती "जुळतंय" म्हणाली. मान खाली होती.' उजवा रकाना कोरा होता. मी जे काही वागले होते त्यावरून त्यांनी माझ्याबद्दल एक शब्दही ठरवला नव्हता. मला त्यांनी दोन थोबाडीत दिल्या असत्या तरी चाललं असतं.

मी म्हटलं, "सर, पुढच्या मीटिंगला मी सगळ्यांसमोर सांगते." त्यांनी पेन उघडलं आणि त्या कोऱ्या जागेत एक शब्द लिहिला. 'सांगेल.' मग वर बघून हसले. "बऱ्याच वर्षांनी माणसाबद्दल उजवीकडे काही लिहिलं," म्हणाले.

मी सांगितलं नाही. पुढच्या मीटिंगला कारण होतं की आई अजून इथे आहे, तिचं हसं होईल. ती साताऱ्याला परत गेल्यावर कारण झालं की तिच्यामागे तिचं नाव कशाला. मग मला बढती मिळाली, मंडळाने माझं व्याख्यान ठेवलं, विषय होता 'गुन्हेगार ओळखावा कसा', आणि मला शाल मिळाली. सर आपल्या बहिणीकडे दूर बेलव्ह्यूला राहायला गेले. दर दिवाळीला मी फोन करायची. त्यांनी एकदाही विचारलं नाही. ते विचारत नाहीत याचं मला बरं वाटायचं, आणि बरं वाटतं याची लाज वाटायची, आणि पुढच्या दिवाळीपर्यंत तीही विसरायला व्हायची. ऑक्टोबरात त्यांच्या बहिणीचा फोन आला, तेव्हा विसरायची सोय संपली.

स्मरणिकेचा ईमेल आल्यावर मी आईला व्हिडिओवर विचारलं, "तुझं नाव लिहिलं तर चालेल का?"

"लिही की," ती म्हणाली. "मला काय तुरुंगात घालणारेत? मी तर सगळ्या साताऱ्याला सांगितलंय, पोट धरून हसतात." मग तिचा चेहरा बदलला. "म्हणजे त्या गृहस्थांना त्यापायी येऊ देत नव्हते? आणि तुला माहीत होतं?"

मी हो म्हटलं. तिने फोन ठेवला. त्यानंतर तिने चार दिवस फोन उचलला नाही. चार वर्षं जिची अब्रू राखतेय असं मी स्वतःला सांगत होते, तिला राखायला काहीच नको होतं. राखत होते ती माझी.

संपादकांना एक विनंती. हे 'गंमतजंमत' सदरात टाकू नका, आणि खाली माझी पदवी छापू नका. सर म्हणायचे, डावीकडचं वाक्य लहान असावं, म्हणजे त्यात लपायला जागा राहत नाही. तेव्हा लहानच लिहिते. बूट माझ्या आईने लपवले. सरांनी ते परत ठेवले. मला ते पाडव्यापासून माहीत होतं. सर माझ्याबद्दल एकदाच उजवीकडे काही लिहून गेले, आणि ते जिवंत होते तोवर मी ते खरं होऊ दिलं नाही.